काळा पडदा आणि तुझा स्टोव्ह

माय,

गेल्या महिन्यात मी कम्प्युटरमधली जुनी प्रणाली काढून लिनक्स टाकलं. कुणी शिकवलं न्हाई, वाचत-धडपडत जमवलं. चार दिवस मोठ्या तोऱ्यात होतो. मग जागा मोकळी करावी म्हणून प्रोग्रामांच्या यादीतलं एक बिनकामाचं वाटलेलं नाव काढून टाकलं, यंत्र बंद करून चालू केलं, तर पडदा काळा. चित्रं गेली, बाण गेला, कोपऱ्यात नुसती एक रेघ लुकलुकून राहिलेली. लेकीला, म्हणजे तू कधी न पाहिलेल्या तुझ्या नातीला, पुण्याला फोन लावला. तिनं विचारलं, "बाबा, काही काढलंत का?" मी म्हणालो, "मी कशाला काढू? आपोआपच गेलं."

"बरं. कंट्रोल, आल्ट आन् एफ-तीन एकदम दाबा." दाबलं. निव्वळ अक्षरांचा पडदा आला. "आता हिस्टरी असं टाइप करा अन् खालच्या ओळी वाचून दाखवा." मी वाचायला लागलो आणि जीभ अडखळली. मी दिलेला एकेक हुकूम तिथं ओळीनं लिहिलेला होता, काढून टाकायचासुद्धा. मग ती म्हणाली, "असू द्या बाबा. तेच नाव परत बसवू." थोड्या वेळात पडदा उजळला. तिनं मला एका शब्दानं टोचलं न्हाई, आणि तेच मला सोसलं न्हाई.

कारण तूही टोचलं नव्हतंस. मला परगावी नवी मास्तरकी लागली होती, एकोणीसशे सत्तरनंतरची ती सालं. चुलीच्या धुरानं तू खोकून खोकून वाकायचीस, म्हणून मी वसमतहून पंपाचा स्टोव्ह आणला होता. त्या सकाळी तू हळदीच्या खुरपणीला गेलेली. ज्योत लाल येते म्हणून मी बर्नरच्या बुजलेल्या भोकात पिन घातली, जोर केला, आणि टोक आतच मोडलं. मी स्टोव्ह जागेवर ठेवून दिला. दुपारी आत्या आलेली. तू चहासाठी पंप मारतेस, काडी लावतेस, काही पेटत न्हाई. आणि मी, शिकलेला लेक, तिच्यादेखत विचारतो, "माय, काय केलंस याला?"

आत्या लगेच, "वैनी, लेकाची नवी वस्तू अन् तुमी आठ दिवसांत मोडली वं!"

तू माझ्याकडं बघितलंस. कितीतरी वेळ, असं मला आता वाटतं. मग हसून म्हणालीस, "व्हय, मीच लई पंप मारला असंल. माझ्या हाताला चूलच बराबर." आणि चुलीत फुंकणीनं फुंकायला बसलीस, खोकत.

त्या यंत्रासारखी तुझ्या घरात कुठं नोंद नव्हती. पण तुला ठाऊक होतं का, हे मी तुला कधी विचारलं न्हाई. ही चिठ्ठी कुठं टाकायची, तेही कळत न्हाई. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक एवढं लिहायची हिंमत झाली.

अजून एक राहिलं. स्टोव्ह दुरुस्त होत न्हाई, असं मी तुला सांगितलं होतं. झाला होता, माय. वसमतच्या कारागिरानं मोडकं टोक काढून हातावर ठेवलं होतं. तो स्टोव्ह मी नोकरीच्या गावी, माझ्या खोलीवर नेला, आणि दोन वर्षं त्याच्यावर चहा करून प्यालो.