येण्याचे पैसे एकदाच

एर्मेक,

"हिवाळ्यासाठी इमारतीत हीटिंगचं गरम पाणी सोडतील त्या दिवशी घर सोडू नकोस," असं आई म्हणाल्या होत्या, मी हसण्यावारी नेलं. बाळाला घेऊन बाजारातून आले, तर रेडिएटरचा वॉल्व्ह फुटून घरभर पाणी!

तातडीने बोलावलेला प्लंबर म्हणाला, "मुली, वॉल्व्हचे तीनशे सोम, पण रविवारी धावत आल्याचे दोन हजार."

"आणि शेजाऱ्यांचेही जुने वॉल्व्ह आजच बदललेत तर?"

"येण्याचे पैसे एकदाच!"

मग काय, जिनाभर दारं ठोठावली! आपल्यासकट चार घरं झाली, येण्याचे आपल्या वाट्याला पाचशेच! मी बाळाला घेऊन प्लंबरबरोबर वरच्या मजल्यावर आहे.

खालच्या बात्मा-आपा मात्र दार उघडत नाहीत. आपलं पाणी त्यांच्याच छतातून गळलं असणार. रागावल्या असतील तर रागावू देत, पण आल्याआल्या आधी त्या ठीक आहेत ना ते बघून ये.

— जिल्दिझ