दुसऱ्या भावाने काय केलं

प्रिय पप्पा,

जय ख्रिस्त. इथे दुबईत, करामातल्या फ्लॅटवर आम्ही सगळ्या मुली मजेत आहोत. ममीचा गुडघा कसा आहे? तिने पाठवलेले सुके बोंबील पोचले. पुडकं उघडलं आणि बराच वेळ नुसता वास घेत बसले.

काल विमान कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आमच्या फ्रेंच सरांनी कोद्राँ बंधूंची गोष्ट सांगितली. गास्ताँ आणि रने, शेतकऱ्याची पोरं. शंभरेक वर्षांपूर्वी दोघांनी विमान बांधलं, पण इंजिन मिळेना, म्हणून घोडीकडून ओढवून ते हवेत उडवलं! पुढे त्यांचा विमानांचा कारखाना झाला. मग पहिल्या महायुद्धात, स्वतःच्याच कारखान्याचं नवं विमान गास्ताँ उडवून तपासत होता, ते कोसळलं आणि तो गेला.

मी विचारलं, "मग रनेने काय केलं?"

सर म्हणाले, "विमानं बनवत राहिला. कितीतरी वर्षं."

मला तिथेच रडू आलं.

पप्पा, आपला ॲरॉनदादा बुडाला तेव्हापासून तुम्ही आणि त्याने मिळून बांधायला घेतलेली होडी तशीच पडून आहे. तुम्ही गिऱ्हाईक शोधताय, असं ममी म्हणाली. विकू नका ना. माझी नाताळची रजा मंजूर झाली आहे. मला सुतारकाम येत नाही, पण तुम्ही सांगाल तशी फळी धरेन.

तुमच्या आठवणीत,
तुमची जोविता