दुसऱ्यांदा न विचारलेला चहा

केंब्रिज, ४ डिसेंबर १९३१

ती. हॅना आत्यास,

फिन्टनचा लांबूनच दंडवत. गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देतात ना? शेजारच्या फोगार्टीबाईंना नमस्कार सांग. (मी अणू फोडायला बघतोय हे मात्र सांगू नकोस, चर्चमध्ये माझ्या नावाने मेणबत्ती लावतील.)

काम ठीक चाललंय. उंच काचेच्या नळीतली हवा उपसायची, आणि ती परत आत शिरते म्हणून शिडीवर चढून फटींना मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती थापायची. (तुझा पुतण्या डॉक्टरेट मिळवणार ती याच्यावर.) मग शिसं ठोकलेल्या चहाच्या रिकाम्या खोक्यात, अंधारात बसून पडद्यावर अणू फुटल्याची ठिणगी चमकते का बघायचं. अजून एकही चमकलेली नाही.

खरा घोळ चहाचाच झाला. पहिल्या दिवशी चार वाजता प्रयोगशाळेतल्या ॲटकिन्स नावाच्या भल्या माणसाने विचारलं, "चहा घेणार?" आता दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा हो, पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट, हे तूच मला हातावर चमचा मारून शिकवलंस. मी म्हटलं, "नको हो, उगाच त्रास कशाला," आणि दुसऱ्या खेपेची वाट बघत उभा राहिलो. तो म्हणाला, "बरं." आणि किटली पुढे गेली! दहा आठवडे झाले, आत्या. मला डॉक्टरांनी चहा बंद केलाय अशी इथे समजूत आहे. "बिचाऱ्यासमोर नको रे," म्हणत सगळे आता पलीकडच्या खोलीत पितात. आपणहून मागावा, तर इतके दिवस सोंग केलं असं होईल. हसलीस ना? मीही आधी हसायचो. पण दिवसातून तेवढा अर्धा तासच ही माणसं बोलतात, आणि मी खोक्यात बसून त्यांचं हसणं ऐकतो. फार एकटं वाटतं गं. परवा मी नळीशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

असो. माझी काळजी करू नकोस.

तुझा,
फिन्टन

ता. क. नाताळला येतोस का, असं तू विचारलंस. मी लिहिलं, "नको, काम आहे, समुद्रही खवळलेला असतो." त्यावर तुझं कार्ड आलं, "बरं." ते मी चारदा उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून.

आणखी एक. आत्या, तू आपल्या वॉटरफर्डचीच ना, की तूही या इंग्रजांसारखी झालीस? अजून दोनदा विचारायचं राहिलंय.

टपालाला वेळ लागतो, तेव्हा दोन्ही वेळचं एकाच पत्रात विचारलंस तरी चालेल. बॅग भरून ठेवली आहे.