अपील नसलेलं घर

प्रिय ठमाबाई,

या नावाने हाक मारलेली तुला अजून चालते का, ठाऊक नाही. दुसरं काही लिहायला हात वळेना.

शुक्रवारी मी निवृत्त झालो. राज्यघटना आणि कायद्याचं तत्त्वज्ञान, छत्तीस वर्षं हेच दोन विषय. विभागातली खोली रिकामी करताना शिपायाने विचारलं, सर, एवढी पुस्तकं घरी कोण वाचणार? मी म्हटलं, मीच, आणखी कोण! तो हसला, मीही हसलो. खोकी अजून दारातच पडून आहेत. घर नुसतं खायला उठतं. तुझी आई गेल्यापासून माझं म्हणणं खोडून काढायला इथे कुणी उरलेलं नाही, आणि वाद घातल्याशिवाय मला धड जेवणही जात नाही. तिच्या वेळी तू आलीस, सगळ्यांशी बोललीस. माझ्याशी नाही.

निरोपसमारंभात एका विद्यार्थिनीने विचारलं, सर, तुमच्या मते सगळ्यात चुकीचा निकाल कोणता? मी कुठल्याशा जुन्या खटल्यावर तावातावाने बोललो. टाळ्या पडल्या. खोटं बोललो गं. मला आठवला होता तो माझाच.

कायद्याचं तिसरं वर्ष सोडून तुला सुतारकाम शिकायचं होतं. दुसरा बाप ओरडला असता, चार दिवस अबोला धरला असता. मी टाइप केलेला सात पानी निकाल तुझ्या हातात ठेवला. परिच्छेदांना क्रमांक, मुद्दे, तळटीपासुद्धा! तू तो शेवटपर्यंत वाचलास आणि विचारलंस, बाबा, अपील कुठे करायचं? मी ऐटीत म्हणालो, या घरात अपील नाही. सकाळी तुझी खोली रिकामी होती. त्याला अकरा वर्षं झाली.

परवा कागद चाळताना त्या निकालाची प्रत सापडली. सात पानांत तुझं म्हणणं एका ओळीचंही नाही. असणार कुठून, मी विचारलंच नव्हतं. समोरच्याचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

म्हणून हे पत्र. मी चुकलो. कारणं देत नाही. द्यायला लागलो की पुन्हा निकालच लिहीन. तू ये किंवा येऊ नकोस, पण तेव्हा तुला काय म्हणायचं होतं, ते मला सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच,
बाबा