अण्णांचं कपाट

नवीन पनवेल,
१२ फेब्रुवारी १९९५

प्रिय विश्वजीत,

एजंटचा फोन तुला एव्हाना आला असेल. तो सांगतोय ते खरं आहे. बेडरूममधलं कपाट मी काढून टाकलं. तू चिडला असशील, तुझी नीताही. तरी पत्र शेवटपर्यंत वाच.

रिटायर झाल्यावर अण्णांनी ते किती हौसेने करून घेतलं होतं, आठवतं ना? दयाराम सुतार महिनाभर हॉलमध्ये रंधा मारत होता आणि अण्णा शेजारी स्टूल टाकून बसलेले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, थेट छताला टेकलेलं कपाट. दहा बाय दहाच्या खोलीतले दोन फूट गेले म्हणून आई होती तोवर कुरकुरायची. पलंगाला वळसा घालताना तिचा गुडघा रोज आपटायचा. अण्णा म्हणायचे, अशा कपाटाने घराची किंमत वाढते. तेव्हा घर विकायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

गणपतीनंतर त्यांची उजवी बाजू गेली आणि आपण दवाखान्यात असते तशी लोखंडी खाट आणली. ती खोलीत मावली, पण कपाटाची दारं उघडेनात. घर विकायला काढलं तेव्हा एजंट म्हणाला, गिऱ्हाइकाला कपाट उघडून दाखवता आलं पाहिजे, खोली मोकळी ठेवा. आपण खाट हॉलमध्ये हलवली. आपण दोघांनी, सगळं तुझ्यावर ढकलत नाही. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं अण्णांना मीच समजावलं.

त्या थोड्या दिवसांचे चार महिने झाले. दार उघडलं की समोर अण्णा. दूधवाला, माझ्या शाळेतल्या बाई, घर बघायला येणारे अनोळखी लोक, सगळ्यांसमोर. अण्णांचं अंग पुसताना मी दोरीवर चादर टाकायचे. ज्यांनी कधी नुसत्या बनियनवर दार उघडलं नाही, ते अण्णा माणसं आली की भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घ्यायचे.

गेल्या रविवारी, ज्यांना घर पसंत होतं ते लोक पुन्हा आले. एजंटकडे किल्ली होती, त्याने बेलही वाजवली नाही. मी अण्णांचे कपडे बदलत होते. त्यांच्यातल्या बाई मान खाली घालून आत गेल्या, कपाट उघडलं, आईच्या साड्यांमधून हात घालून ते किती खोल आहे ते बघितलं आणि खूश झाल्या. सगळे गेल्यावर अण्णांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग जड जिभेने एकेक शब्द जुळवत म्हणाले, “पद्मा, मला आत ने.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दयारामकडे गेले. स्वतःच केलेलं काम उखडायला तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. दोन दिवस लागले. ठोके ऐकत पडलेल्या अण्णांना मी विचारलं, वाईट वाटतंय का. त्यांनी मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही. आता खाट खोलीत मधोमध आहे, दोन्ही बाजूंनी फिरता येतं, मुख्य म्हणजे दार लावून घेता येतं. त्या लोकांनी मात्र माघार घेतली. किंमत पडणार, असं एजंट म्हणतो.

पण एवढंच सांगायला हे पत्र नाही. कपाट रिकामं करताना माझं सगळं सामान मी हॉलमध्ये मांडलं आणि लक्षात आलं, हे घेऊन कुठे जायचं ते मला ठाऊक नाही. घर विकलं की अण्णा पुण्याला तुझ्याकडे येणार, हे आपण ठरवलं. माझ्या नोकरीची अजून बारा वर्षं आहेत. मी कुठे राहायचं ते तू विचारलं नाहीस आणि मीही विषय काढला नाही. कपाट अण्णांसाठी काढलं असं मी सगळ्यांना सांगते, ते खोटं नाही. पण गिऱ्हाईक परत गेल्याचं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, विशू. अण्णांच्या आडून मी माझंही काम करून घेतलं का, हे मला कळेनासं झालंय. एकदा ये. हे फोनवर बोलण्यासारखं नाही.

तुझीच,
पद्माताई