कोड तुझ्या फोनवर येतो

जैनथ, जि. आदिलाबाद
शनिवार, शाळा सुटल्यावर

प्रिय विनय,

सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळे बरे आहेत. ही पाळी तूच आणलीस. फोन केला तर उचलत नाहीस, मेसेज टाकला तर दोन निळ्या खुणा होतात आणि तू गप्प. म्हटलं, कागदाला निळ्या खुणा होत नाहीत, हातात पडला की वाचावाच लागतो. तुझ्या हैदराबादच्या खोलीचा पत्ता तुझ्या दोस्ताकडून, अमरकडून घेतला. तो देतच नव्हता, त्याच्या आईला सांगते म्हटल्यावर दिला. त्याच्यावर चिडू नको. चिडायचंच असेल तर माझ्यावर चिड, पण फोनवर चिड.

आता कामाचं. बाबांच्या धड्यांची तू केलेली साइट, ‘नागोराव सारांचा फळा’, मला उघडायची आहे. पासवर्ड माहीत आहे. पण तू घरी टाकून गेलेला लॅपटॉप इतके महिने बंद होता की साइट त्याला ओळखच दाखवत नाही. पासवर्ड टाकला की म्हणते, तुम्ही खरंच तुम्हीच का, शेवटी सत्तेचाळीस असलेल्या नंबरवर सहा आकड्यांचा कोड पाठवलाय, तो टाका. सत्तेचाळीस म्हणजे तू! मी इथं पैनगंगेकाठी, कोड तिथं हैदराबादेत, आणि दहा मिनिटांत टाकला नाही की तो शिळा. आता तर वर लाल अक्षरात सूचना येऊन राह्यली की महिनाअखेर खातंच बंद करू. खातं गेलं की बाबांचं सगळं लिखाण गेलं. त्यांच्या वह्या कुठं राहिल्यात? तूच म्हणालास, आता सगळं साइटवर सुखरूप आहे, म्हणून त्यांनी वह्या पोरांना वाटून टाकल्या. एवढा विश्वास त्यांनी तुझ्यावर टाकला होता, हे तरी आठव.

तू म्हणशील, नेटवर काय कमी आहे? तेच तर माझं डोकं उठवून राह्यलंय. मागच्या महिन्यात आदिलाबादला आमचं प्रशिक्षण झालं, लेखन शिकवायची ऑनलाइन साधनं म्हणून. दिवसभर तेलुगूत. छान छान साधनं दाखवली, वाक्य सुधारणारी, मुद्दे सुचवणारी, चुका लाल करणारी. मी हात वर करून विचारलं, मराठी माध्यमाच्या पोरांसाठी यातलं काय चालेल? समोरचे शिकवणारे सार गोड हसून म्हणाले, मराठी येणार आहे मॅडम, लवकरच. मागच्या वेळीही लवकरच होतं. पलीकडच्या महाराष्ट्रातल्या साइट उघडाव्यात तर त्यांचा अभ्यासक्रम वेगळा, आपली पुस्तकं वेगळी. धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही. आपल्या पोरांनी दहावीची तयारी करावी तरी कशावर?

आणि पोरं काही गप्प बसत नाहीत. बापाचा फोन घेतात, कुठल्याशा साधनात विषय टाकतात आणि निबंध उतरवून आणतात. ‘आमची वेचणी’ विषय दिला, तर अर्ध्या वर्गाची सुरुवात एकच, भारत हा कृषिप्रधान देश आहे. दहावीतली रंजीता दर रविवारी आईबरोबर कापूस वेचायला जाते. तिनं लिहिलं होतं, मऊ मऊ कापसाला स्पर्श करताच मन प्रसन्न होते. मी तिचा हात धरून पाहिला. वाळक्या बोंडांनी बोटं सगळी ओरखडलेली! मला असा राग आला म्हणून सांगू. म्हटलं, बाई गं, हे मन तुझं कुठं प्रसन्न झालं? तर हळूच म्हणते, मॅडम, माह्यं लिहिलं तर मार्क कटतीन. मग कोणावर रागवायचं, सांग. वर्गातून बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

तिला बाबांचा वेचणीचा धडा पाहिजे. तुला आठवतो ना? आपण दोघं त्याच्यावरच तर लिहायला शिकलो. आधी हातानं काय केलं ते लिहा, मग डोळ्यानं काय पाहिलं ते. मनात काय आलं ते सगळ्यात शेवटी, आणि नाही आलं तर नका लिहू. मी वर्गात सांगते तसं, पण मला ते बाबांसारखं जमत नाही. परीक्षा मार्चमध्ये आहे आणि धडा तुझ्या सहा आकड्यांच्या मागं अडकून बसलाय.

तो दिवस काढू नये असं मी ठरवलं होतं, पण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अख्खा उन्हाळा तू कुलरसमोर बसून बाबांच्या वह्या टाइप केल्या. पाठ धरली तरी उठला नाहीस. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी घरी माणसं बोलावली, बाबांचे जुने हेडमास्तर मारोतराव आले, आईनं पेढे ठेवले, आणि तू मोठ्यानं वेचणीचा धडाच वाचायला घेतला. पण वाचलंस काय? धड्यातल्या आईच्या ओटीतला कापूस गेला, बोटातले काटे गेले, आणि आला तो शेतकरी राजा, आनंदानं वेचणी करणारा. तू ते धडे लिखाण सुधारणाऱ्या साधनातून काढले होतेस. बाबांना मोठ्या लोकांत मान मिळावा म्हणूनच काढलेस, हे मला तेव्हाही कळत होतं. पण विन्या, काऊन रे त्यांना विचारलं नाहीस? बाबा तरी काय कमी! सगळ्यांसमोर म्हणाले, हे माह्यं नाही, पुसून टाक. पोराची उन्हाळ्याची मेहनत, एक शब्द तिच्यासाठी नाही. तू लॅपटॉप मिटलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेलास. तेव्हापासून साइटवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी आणि घरात दोघांचं पडलो तरी नाक वर. आपलेच दात, आपलेच ओठ, मी कोणाला बोलू? आई तुझं नाव काढते आणि डोळे पुसते, बाबा उठून ओट्यावर जातात. मी दोघांच्या मधात भरडली जाते.

तू बाबांचं मूळ लिखाण पुसलं नाहीस, खात्यात तसंच ठेवलंस, हे अमरनं सांगितलं. म्हणूनच मी लॅपटॉप उघडला. पण रोज संध्याकाळी घरी येऊन पासवर्ड टाकावा, तर साइट कोडसुद्धा पाठवायला तयार नाही! म्हणते, आज खूप वेळा प्रयत्न झाला आहे, उद्या या. अरे, मी तर आत्ता बसले! नेटवर्कला शिव्या दिल्या. शेजारच्या देवकाबाईंच्या नातवाला, तूच काहीतरी बिघडवलंस म्हणून बोल लावला, तो बिचारा रडकुंडीला आला. शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून बसनं आदिलाबादला नेला. दुकानदार म्हणाला, मशीन चांगली आहे मॅडम, तुमच्या घरातलंच कोणीतरी बटण दाबून राह्यलंय. मी त्याच्यावरही उखडले. आमच्या घरात आई स्वतःचा फोन कसाबसा उचलते, आणि बाबांनी त्या दिवसापासून या डबड्याकडे पाहिलेलं नाही. दाबणार कोण?

परवा शाळा अर्धा दिवस होती. दुपारीच घरी आले, चपला बाहेर काढल्या आणि दारातच थांबले. बाबा तुझ्या टेबलाशी बसले होते. लॅपटॉप उघडा, मी रात्री सोडलेलं कोडचं पान तसंच समोर. त्यांनी एका बोटानं ‘कोड पुन्हा पाठवा’ दाबलं, चष्मा काढला, आपला फोन दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याकडे पाहत बसले. आई खाली तूर निवडत होती. बाबांनी तिला विचारलं, आता त्याच्या फोनची बत्ती लागली असंल का? आई म्हणाली, लागली असंल. थोड्या वेळानं त्यांनी परत दाबलं. मी तशीच मागं फिरले आणि देवकाबाईंच्या घरी जाऊन बसले. म्हणजे इतके दिवस तुझ्या फोनवर जे आकडे येऊन राह्यले, आणि तू म्हणत असशील कोण चोर माझ्या मागं लागलाय, ते बाबा आहेत रे. दुसरं काही त्यांच्याकडून तुझ्यापर्यंत पोचत नाही. मी पाहिलं हे त्यांना माहीत नाही, आणि कोड मी खरं तर अमरकरवीही मागवला असता. पण मला तो नको. यापुढं मी लॅपटॉपला हात लावणार नाही. पुढच्या वेळी आकडे आले की मला मेसेज टाकू नको, बाबांच्या नंबरवर फोन कर. फोन त्यांच्या हातातच असेल. आकडे सावकाश सांग, ते लिहून घेतील, मास्तर आहेत, परत म्हणून दाखव म्हणतील, तर दाखव. आणि आकडे संपले की लगेच ठेवू नको.

तुझीच, दोघांवरही चिडलेली,
प्रगती ताई