गोव्यासाठी घेतलेली बॅग

महाड, मंगळवार, १२ जुलै १९८३. संध्याकाळ.

आज डोकंच फिरलंय. गोव्याला निघायला चार दिवस राहिले आणि मी भरून ठेवलेली बॅग सासूबाईंनी रिकामी केली! माझ्या साड्या, ह्यांचा नवा गॉगल, सगळं पलंगावर. आणि बॅगेत रेशनकार्ड, घराची कागदपत्रं, आमच्या लग्नाचे फोटो. वर ती बॅग चढवली फळीवर.

"सावित्रीचं पाणी चढतंय गो," म्हणाल्या. "घरात ह्या एकाच बॅगेत पाणी शिरत नाय."

म्हणजे मी बॅग घेतली ती काय पुरासाठी? मे महिन्यात रजा मागितली, तर बँकेत मुलाबाळांवाल्यांचा नंबर आधी. माझ्या वाट्याला जुलै. सगळे हसले, पावसातून पावसात चाललात म्हणून. हो, चालले! तिथे निदान पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, ते दर तासाला बघावं लागणार नाही.

बॅग काढायला रागारागानं स्टुलावर चढले. भिंतीवर मागच्या पुराची खूण आहे. दोनदा रंग दिला तरी उमटतेच. फळी तिच्याहून जेमतेम वीतभर वर.

हे खालून म्हणाले, "काढतेस ना?"

बॅग उघडली. पर्समधली गोव्याच्या एस.टी.ची दोन तिकिटं लग्नाच्या फोटोंखाली सरकवली आणि बॅग बंद करून आणखी आत ढकलली.

तिकिटं तरी कोरडी राहतील.